मुलीला फोन दे

“मुलीला फोन दे,” इम्मा म्हणाली. थोडं थांबून, जरा मोठ्याने, “मुलीला. तुझ्या मुलीला.”

पलीकडून काय उत्तर येतंय ते मला ऐकू येत नव्हतं, पण ते मला पाठ होतं. साऊ हुइन्हचं इंग्रजी चार शब्दांचं होतं. पंप, पाणी, नाही, ये. हे चार शब्द तो हवे तसे उलटसुलट फिरवायचा आणि आपण त्यातून अर्थ काढायचा. त्याने फोन ठेवल्यावर इम्माने ठेवला, पेन्सिल कानामागे खोचली आणि थुईच्या फोनची वाट बघत बसली.

थुई ही साऊची मुलगी. शहरात एका औषधांच्या दुकानात काम करायची. बाप तिला फोन करणार, ती गिऱ्हाईक सोडून मागच्या खोलीत जाणार आणि तिथून आम्हाला सांगणार की दोन नंबरच्या पॉलिहाऊसचा पंप बंद आहे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. सुरुवात झाली तेव्हा थुई अकरा वर्षांची होती. शाळेतून घरी आली की फोन करायची.

“हा एक फोन धरायचा की तीन?” टालियाने विचारलं. ती काउंटरच्या कोपऱ्यावर वही घेऊन बसली होती. दिवसभरात किती फोन येतात, किती वेळ चालतात, किती सुटतात, हे ती आठवडाभर टिपत होती.

“एकच,” इम्मा म्हणाली. “पंप एक, फोन एक.”

टालियाने वहीत तीन रेघा मारल्या.

मी या दुकानात पंप-मेकॅनिक आहे. बावीस वर्षं झाली. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला काकडी-टोमॅटोचा जो सगळा पट्टा आहे, त्यातल्या निम्म्या पंपांची पोटं मी उघडली आहेत. दुकान सँड्रो मारियानीचं, त्याच्या आधी त्याच्या बापाचं. इम्मा फुर्नारी त्या बापाच्या काळापासून फोनवर. म्हणजे चौतीस वर्षं. टालिया ही सँड्रोची मुलगी. विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली, इम्माला ‘झिया’ म्हणणारी, म्हणजे मावशी. नात्याने ती कुणी नव्हती, पण लहानपणी टालिया ह्याच काउंटरखाली झोपायची.

त्या वर्षी इम्माच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. सहा आठवडे ती येणार नव्हती. सँड्रोने मला विचारलं, तू फोन घेशील का. मी म्हटलं, मग पंप कोण उघडणार? तेव्हा टालियाने एआयचं काढलं. रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याने घेतलं होतं, रोपवाटिकेने घेतलं होतं, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरिणीकडेही तेच फोन उचलत होतं. दोन रिंगांत फोन उचलतं, काय बिघडलंय ते विचारतं, पत्ता घेतं आणि काम मेकॅनिकच्या मोबाइलवर पाठवतं. जेवायला जात नाही. सँड्रो इम्माला घाबरतो, म्हणून त्याने हे स्वतः न सांगता मुलीला सांगायला लावलं. सहाच आठवडे, असं त्याने आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं.

इम्मा आधी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बुटांच्या खोक्यातली आपली सगळी कार्डं काउंटरवर ओतली आणि टालियाला म्हणाली, लिही. कुणाकडे कोणता पंप, कोणाचं फाटक आतून उघडतं, कोणाचा कुत्रा चावतो आणि कोणाचा नुसता भुंकतो, कोण आज म्हणतो तेव्हा आत्ता समजायचं आणि कोण आत्ता म्हणतो तेव्हा गुरुवार. शिकवायला बसली की इम्माला रागलोभ राहत नसे. शेवटच्या आठवड्यात तर ती आतल्या खोलीत जाऊन स्वतःच यंत्राला फोन करायची. कधी चिडलेला ग्रीक व्हायची, कधी ठार बहिरा म्हातारा. एकदा तिने नुसतं “ती निळी वस्तू आहे का” असं विचारून ठेवून दिलं. यंत्राने तीन प्रश्न विचारले आणि तिसऱ्याला ते बरोबर त्या निळ्या वस्तूवर, म्हणजे ठिबकच्या गाळणीवर, पोचलं. इम्मा बाहेर आली, हात झटकले आणि म्हणाली, “पास.”

ती गेली आणि पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या नुएनकडे पोचलो. नुएन हे व्हिएतनामी लोकांचं आडनाव, आमच्या रस्त्यावर असे नऊ आहेत. इम्मा फोनमागून येणाऱ्या कुत्र्याच्या आवाजावरून ओळखायची कोणता नुएन ते. मी एका चांगल्या चालत्या पंपाचे बोल्ट काढून बसलो होतो, तेवढ्यात त्या घरच्या बाईने चहा आणला आणि खुणेने विचारलं, हे काय करतोयस? टालियाने त्या दिवशी प्रत्येक नुएनला फाटकाचा नंबर जोडून दिला. पुन्हा तसं झालं नाही.

मिसेस ओब्रादोविचचं मात्र जमलं नाही. नवरा गेल्यापासून त्या दर बुधवारी फोन करून पंप आवाज करतो म्हणून सांगायच्या. इम्मा त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायची, तेवढ्यात पंप बरा व्हायचा. यंत्राने मला दोन बुधवार तिथे पाठवलं. पंप मांजरासारखा गुरगुरत होता, काही बिघाड नव्हता. मी गेलो की म्हातारी ओशाळायची. तिसऱ्या बुधवारी तिने फोन केलाच नाही. टालियाच्या कागदावर ही तक्रार मिटली अशी नोंद झाली.

आणि मग साऊचं काम आलं.

माझ्या मोबाइलवर एक काम आलं की चार ओळी असतात. हे काम मी बोटाने सरकवत राहिलो, सरकवत राहिलो, संपेचना. साऊने नेहमीसारखा फोन केला होता. पंप, पाणी, नाही. त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून यंत्राने ओळखलं आणि त्याला व्हिएतनामीत विचारलं, आपण आपल्या भाषेत बोलायचं का? मग त्याने पहिला प्रश्न विचारला, तुझं वय किती? त्यांच्या भाषेत समोरच्याचं वय कळल्याशिवाय तोंड उघडता येत नाही, कारण बहीण म्हणायचं की काकू की भाची, हे ठरत नाही. यंत्राने खरं ते सांगितलं की मी माणूस नाही, मला वय नाही. साऊने थोडा विचार केला आणि म्हणाला, मग मी तुला भाची म्हणतो.

आणि तो भाचीशी बावीस मिनिटं बोलला.

तीन नंबरच्या पॉलिहाऊसमध्ये दाब कमी आहे, असं त्याने सांगितलं. आजचा नाही, पहिल्या दिवसापासूनचा. पंपाचा दोष नाही. पॉलिहाऊसच्या कोपऱ्यावर जमिनीखाली पाइपला जो वाकडा जोड दिला आहे तिथे पातळ पाइप वापरला गेला, तो मातीच्या वजनाने चपटला असणार. ज्या दिवशी पाइप टाकला त्याच दिवशी मी मेकॅनिकला दाखवायचा प्रयत्न केला होता. मेकॅनिक भला माणूस आहे. त्याने अंगठा वर करून दाखवला आणि चर बुजवला.

तो मेकॅनिक मी होतो.

मला तो दिवस आठवला, हे त्यातलं वाईट. साऊ सारखा जमिनीकडे बोट दाखवत होता, हाताच्या तळव्यावर दुसरा तळवा दाबून दाखवत होता. मला वाटलं, माती चांगली दाबून घे म्हणतोय. मी ती चांगली दाबूनही घेतली होती.

पुढे होतं की तीन नंबरमध्ये काकडीला पाणी पुरत नाही म्हणून तिथे त्याने पुदिना आणि त्यांच्याकडच्या वासाच्या पालेभाज्या लावल्या, त्यांना काकडीपेक्षा कमी पाणी लागतं. मी इतकी वर्षं समजत होतो की माणसाला पुदिना आवडतो. आणि सगळ्यात शेवटी, ‘इतर’ असं लिहिलेल्या रकान्यात: गिऱ्हाईक सांगतात की त्यांनी मेकाँगच्या मुखाजवळच्या सरकारी पंपघरावर अकरा वर्षं काम केलं आहे.

मी गेलो. आम्ही दोघांनी कोपरा उकरला. दीड हातावर पाइप सापडला. जिभेसारखा चपटा. साऊ आपल्या शेडमध्ये गेला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पाइप कापायचं जुनं हत्यार घेऊन आला. मग जोड त्यानेच केला. मी पाइप धरून बसलो. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवून पाहण्याची त्याची पद्धत पाहिली आणि माझ्या लक्षात आलं की एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून मला पाने-पकडी देत होता, तो मदतनीस म्हणून नव्हे. तो माझं काम तपासत होता.

परत येताना गाडीत मी रेडिओ लावला नाही.

सहाचे आठ आठवडे झाले. इम्मा काठी घेऊन आली. काउंटर पुसलेला होता, फोनचा जुना डबा खाली ठेवून दिला होता आणि त्याच्या जागी बियांच्या पाकिटांचा स्टँड आला होता. तिने स्टँड एकदा गोल फिरवून पाहिला.

तिची रजा चालू असतानाच इथे बरंच राजकारण झालं होतं. जुनी इटालियन मंडळी यंत्रावर नाराज होती. टासोने नावाचा म्हातारा त्याला बोलीत शिव्या द्यायचा आणि ते त्याला पुस्तकी इटालियनमध्ये उत्तर द्यायचं. तो म्हणायचा, फोन उचलला की पाद्रीच बोलतो. चाळीसेक लोकांनी सह्या करून कागद दिला होता की इम्माला परत फोनवर बसवा. सँड्रोने तो कागद खिशात ठेवला होता. इम्मा आली की तिच्यापुढे ठेवायचा आणि यंत्र काढून टाकायचं, असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. टालियाचं म्हणणं, सुटलेला फोन आता एकही नाही. पण बापापुढे ती गप्प होती.

इम्माने कागद वाचला नाही. ती टालियाला म्हणाली, “मी नसताना कोण काय बोललं ते मला दाखव.”

जेवणाच्या सुट्टीत आम्ही आत बसून डबे खात होतो आणि इम्मा चष्मा नाकावर ओढून पडद्यावरचं वाचत होती. मधूनमधून हसत होती. टासोनेच्या शिव्या तिने दोनदा वाचल्या. मग ती हुइन्हवर आली. आठ आठवड्यांत साऊचे अकरा फोन होते. एरवी दोन वर्षांत तेवढे होत नसत, कारण तो अगदी गळ्याशी आल्याशिवाय फोन करत नसे.

का करत नसे, ते चौथ्या फोनमध्ये होतं. मी ते तोवर पाहिलं नव्हतं. इम्माने मला मोठ्याने वाचून दाखवलं, तिच्या नेहमीच्या आवाजात नाही.

थुई बारावीला होती तेव्हा दोन नंबरचा पंप बंद पडला. उन्हाळा नुकताच लागला होता, पण पारा बेचाळीसवर. तिची परीक्षा चालू होती. त्याआधी एकदा वर्गात तिचा फोन वाजला होता आणि ती पंपासाठी बाहेर गेली म्हणून शाळेतून पत्र आलं होतं. साऊने ठरवलं, या आठवड्यात मुलीला सांगायचं नाही. पाच दिवस तो आणि त्याची बायको बादल्यांनी पाणी घालत होते. सहाव्या दिवशी परीक्षा संपली, थुईने फोन केला. तोवर दोन नंबरची सगळी काकडी गेली होती.

इम्माने चष्मा काढला. तो आठवडा तिलाही आठवत होता. पाच दिवस पंप बंद आणि माणूस फोन करत नाही, अशा माणसाने शेती करू नये, असं ती काउंटरवरच्या लोकांसमोर म्हणाली होती. मीही हसलो होतो.

“पुढे अजून आहे,” टालिया हळूच म्हणाली. तिने ते आधीच वाचलं होतं.

पुढच्या फोनमध्ये साऊने यंत्राला विचारलं होतं, ती बाई कुठे आहे? आजारी आहे का? यंत्राने सांगितलं, रजेवर आहेत. त्यावर तो म्हणाला होता, तिचा आवाज मोठा आहे. पण ती कधी आधी फोन ठेवत नाही. बाकी सगळीकडे मी बोलायला लागलो की ठेवतात.

इम्मा उठली, काठी घेतली आणि सँड्रोच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

“फोन त्या भाचीकडेच राहू दे,” ती म्हणाली. “मी आठवड्यातून तीन दिवस काउंटरला येईन.”

सँड्रोने खिशातला कागद काढला, सह्या दाखवल्या. सगळ्यांना तूच हवीस म्हणून तो सांगू लागला.

“सह्या करणाऱ्यांना इंग्रजी येतं, सँड्रो. नाहीतर त्यांची बोली मला येते.” ती दारात वळली. “आणि ओब्रादोविचबाईंचा फोन माझ्या मोबाइलवर पाठवायचा. ते पंपाचं काम नाही.”

दोन दिवसांनी मला साऊकडे गाळणी पोचवायची होती. इम्मा म्हणाली, मी येते. मी तिला आधार देऊन गाडीत बसवलं. फाटकाबाहेर पडल्यावर थोड्या वेळाने ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

ती दहा वर्षांची होती. त्यांना इटलीतल्या कॅलाब्रियाहून इथे येऊन दोन वर्षं झाली होती. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. दवाखाना असो, बँक असो, शाळा असो, आईबरोबर इम्मा. आईला दिवस गेलेले, सातवा महिना. डॉक्टरने पोटावर नळी ठेवून खूप वेळ ऐकलं आणि मग काही सांगितलं. इम्माला त्यातले शब्द कळले नाहीत. हृदय कळलं, ऐकू येत नाही हे कळलं. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला, आईला सांग म्हणून. तिने सांगितलं, बाळ झोपलंय. आई हसली. घरी येऊन चार दिवस ती लोकरीचे मोजे विणत होती.

मी गाडी हळू केली होती.

“मला ते यंत्र आवडत नाही, केल,” इम्मा म्हणाली. “अजून नाही आवडत. पण मी दहा वर्षांची होते. आणि तरी मी त्या पोरीला फोन द्यायला लावला. एक दिवस नाही. एकोणीस वर्षं.”

साऊ पॉलिहाऊसच्या तोंडाशी काकड्या खोक्यात भरत होता. इम्माला पाहून तो उभा राहिला, हात पँटला पुसले. आवाजाने एकमेकांना इतकी वर्षं ओळखणारी ती दोघं तशी जवळून कधी भेटलीच नव्हती. थुई आत यायची, साऊ पिकअपमध्ये बसून राहायचा. तिच्या कल्पनेपेक्षा तो उंच होता, असं ती मला नंतर म्हणाली.

टालियाने इम्माच्या मोबाइलवर ते भाषांतराचं चालू करून दिलं होतं. इम्माने मोबाइल एका उपड्या खोक्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी, उभी राहिली. मी गाळणी उतरवायच्या निमित्ताने बाजूला झालो, पण फार लांब गेलो नाही.

“मी नेहमी मुलीला फोन दे म्हणायचे,” ती म्हणाली. “मी स्वतः तशीच मुलगी होते. मला कळायला हवं होतं. मला माफ कर.”

मोबाइलमधून एका बाईच्या शांत आवाजात ते व्हिएतनामीत बाहेर पडलं. साऊ मोबाइलकडे नाही, इम्माकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने थोडं काही म्हटलं.

“ते विचारतात, खुबा दुखतो का,” मोबाइल म्हणाला. “ते म्हणतात, बसा.”

त्याने दुसरं एक खोकं उपडं करून पुढे सरकवलं. इम्मा बसली. तोही बसला. मग तो सावकाश, थांबत थांबत बोलला, आणि ते बोलणं यंत्राने तुकड्यातुकड्याने आमच्या भाषेत आणलं. तो म्हणाला, एकोणीस वर्षं म्हणजे पुष्कळ असतात. मी शिकू शकलो असतो. संध्याकाळचे वर्ग होते, बायको जायची. मुलगी होती म्हणून मी शिकलो नाही. तू मागायचीस आणि मी द्यायचो. एकट्या तुझं नाही ते.

इम्माने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते मला लांबून कळलं नाही. आत ठिबक सुरू होतं, तीन नंबरमध्येसुद्धा. थोड्या वेळाने खोक्यावरच्या मोबाइलचा पडदा विझला. तो कुणी पुन्हा लावला नाही. दोघं काकड्यांकडे बघत बसली. निघताना त्याने एक खोकं गाडीत ठेवलं. मी नको म्हटलं तेव्हा त्याने मला अंगठा वर करून दाखवला, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्याला विनोद करता येतो.

थुई नाताळच्या आधी एकदा दुकानात आली. बापाने सांगितलेली काही किरकोळ वस्तू घ्यायला, पण तिला बोलायचं होतं. बाबा तुम्हाला ‘थोरली बहीण’ म्हणतात, तिने इम्माला सांगितलं, वयाने ते मोठे असून. इम्मा म्हणाली, तुझ्या बाबांना सांग, मी त्रेसष्टची आहे. थुई हसली. मग काउंटरवरची पाकिटं उगाच सरळ करत राहिली.

“आता माझा फोन वाजत नाही,” ती म्हणाली. “आधी आधी मी दुपारी काढून बघायची, बिघडला की काय. बाबा पंपासाठीच फोन करायचे. मला त्याचा इतका राग यायचा. आणि आता पंप त्या भाचीकडे गेला, तर बाबांना माझ्याशी बोलायला काही उरलंच नाही. मलाही सुचत नाही. आम्ही दोघं कायम पंपाबद्दलच बोललो.”

इम्मा काउंटरवर कोपर टेकवून ऐकत होती. असा प्रश्न फोनवर आला असता तर तिने ताबडतोब काहीतरी सांगितलं असतं.

“तो पंपघरावर होता, तुला माहीत होतं?” तिने विचारलं.

थुईला माहीत नव्हतं. बाबा तिकडे सरकारी नोकरीत होते एवढंच तिला ठाऊक होतं.

“मग तेच विचार. अकरा वर्षांचं आहे. पुरेल तुला.”

थुईने विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. फेब्रुवारीत एका रविवारी साऊच्या पॉलिहाऊसशेजारी तिची छोटी पांढरी गाडी उभी दिसली, एवढं मी रस्त्यावरून जाताना पाहिलं.

त्याच महिन्यातली गोष्ट. गुरुवार, इम्माचा दिवस. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, त्यामुळे सगळ्यांचंच काहीतरी फुटलेलं, आणि काउंटरसमोर रांग. मी मागच्या बाकावर एक मोटर उघडून बसलो होतो. रांगेत पाचव्या नंबरला साऊ होता. एकटा. धुतलेला शर्ट, गळ्याचं बटणही लावलेलं. त्याच्यापुढच्या टासोनेने वळून त्याच्याकडे दोनदा पाहिलं आणि मग उन्हाबद्दल काहीतरी म्हणाला. साऊनेही उन्हाबद्दल काहीतरी म्हटलं.

त्याची पाळी आली. इम्माने मोबाइल काढला नाही. त्यानेही नाही. त्याने खिशातून तुटका रबरी वायसर काढून काउंटरवर ठेवला. इम्मा काठी टेकत आत गेली, कप्प्यातून एक घेऊन आली. त्याने तो तुटक्या वायसरवर ठेवून पाहिला आणि मान हलवली. ती पुन्हा गेली, दुसरा आणला. त्याने अंगठा कडेवरून फिरवला, पुन्हा मान हलवली. मग हाताने, माफ करा, असं काहीसं केलं. तिसऱ्यांदा वळताना तिचा पाय अडखळला. तिने काउंटरची कड धरली. मी बाकावरून उठलो.

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने काउंटरची फळी वर उचलली. सँड्रोच्या बापाच्या काळापासून कुठलंही गिऱ्हाईक त्या फळीच्या आत आलेलं नाही. सँड्रोचे स्वतःचे मामेभाऊ बाहेरच उभे राहतात. इम्माने डोक्याने खूण केली. साऊने आधी बूट पायपुसण्यावर नीट घासले, मग आत आला.

मी परत बसलो. कप्प्यांच्या फटीतून ती दोघं दिसत होती, आमच्या त्या शेकडो लहान खणांसमोर वाकलेली. तो एकेक खण ओढत होता, वायसर उजेडाला धरत होता. ती त्याच्यामागे उभी राहून खणांच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे त्याला इंग्रजीत वाचून दाखवत होती, एकेक आकडा, सावकाश, आणि तो तिच्यापाठोपाठ म्हणत होता.